सत्यशीलाबाईंचा मुका उपास

हे कोणाला खरं वाटायचं नाही. हवी तर पैज लावा! मिरजगावच्या बाजारात उभं राहून छातीठोकपणे सांगा, की आज सूर्य पूर्व सोडून दक्षिणेला, राशीनच्या अंगानं उगवला. माणसं क्षणभर वर बघतील, चहाचा घोट घेतील आणि म्हणतील, "आसंल बाबा, आता कशाचाच नेम ऱ्हायला न्हाई." पण तिथंच सांगून बघा, की तरवडवाडीच्या सत्यशीलाबाईंनी ईस्टरआधीच्या उपवासकाळात महिनाभरावर माणसाशी चकार शब्द काढला नाही... तुम्हाला धरून दवाखान्यात नेतील! कारण या बाईंनी एकदा चर्चच्या पायरीवरून शेळीला हाक मारली, तर हायवेवरच्या ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला होता म्हणे. चाकांची खूण आजही दाखवतात. अशी ती जीभ... आणि ती गप्प बसली! नुसती गप्प बसली नाही, तर तिच्या गप्प बसण्यानं एक घर फुटायची वेळ आली.

"आत्या, एक शब्द! फक्त एक शब्द बोल गं!"

चुलीपुढं बसलेल्या सत्यशीलाबाईंच्या मागं त्यांचा भाचा बर्णबा उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा झगा, काखेत शास्त्र म्हणजे बायबल, हातात उपदेशाचे कागद. बाहेर रविवारच्या उपासनेची घंटा वाजत होती. लहानपणी शाळेला निघाला तरी आत्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून इतकी खणखणीत प्रार्थना करावी, की शेजारच्या चार घरांचंही त्यात भलं होऊन जावं! आणि आता तो पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होऊन उपदेशाला निघाला, तर तीच आत्या मुकी!

बाईंनी पिठाचा हात पदराला पुसला, उठून तो त्याच्या केसांवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या गळ्याकडं नेलं.

"अजून घसा बसलेलाच? डॉक्टरकडं चल म्हटलं की मान हलवतेस. असा कसला गं हा घसा?"

बाईंनी मान हलवली. आत शब्द नुसते धडका देत होते... 'जा लेकरा, भिऊ नकोस, कागद बघू नको, मानसांकडं बघ!' पण ओठ घट्ट मिटलेलेच राहिले. बर्णबा खालमानेनं निघून गेला, आणि त्या मानिनीच्या डोळ्यांतलं पाणी टपटप परातीतल्या पिठात पडलं.

बर्णबा त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ आणि भावजय गोजरबाई दर हंगामाला ऊसतोडीला कारखान्यावर जायचे आणि तान्हं पोर या विधवा बहिणीच्या ओट्यात टाकून जायचे. सत्यशीलाबाईंचे यजमान वाडीच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक होते. ते ऐन तरुणपणी गेले आणि नगरच्या मिशननं बाईंना बायबलबाई नेमलं. घरोघर जाऊन शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, हे बायबलबाईचं काम. वाडीला स्वतःचा पाळक कधी मिळालाच नाही. नगरहून कोणीतरी पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, यायचे. बाकीचे सगळे रविवार बाईंचे.

आणि काय ते रविवार! शास्त्रातल्या योना संदेष्ट्याला गिळणारा मासा बाईंनी थेट सीना धरणात आणून सोडला होता. माशाच्या पोटात योनानं तीन दगडांची चूल मांडली, जाळ केला, धूर माशाच्या नाकात गेला, माशाला अशी सणसणीत शिंक आली की योना उडून थेट निनवे शहराच्या वेशीत पडला! शास्त्रात हे कुठंच नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पण शिंक आली की माणसं हसायची, हसता हसता गप्प व्हायची, आणि संध्याकाळी एखादा भाऊ भावाच्या दारात जाऊन बांधाचं भांडण मिटवून यायचा.

बर्णबानं पाळक व्हावं, हे बाईंचं स्वप्न. आणि तो झालाही! शिकून बाहेर पडला तेव्हा शहरातल्या मंडळ्याही त्याला बोलावत होत्या. पण आत्या म्हणाली, "ज्या मंडळीनं तुला बाप्तिस्म्याला हातावर घेतलं, तिला आधी संबाळ. मग जग पडलंय." भाच्यानं आत्याचा शब्द झेलला आणि उमेदवार पाळक म्हणून आपल्याच वाडीवर आला. भाऊ वारलेला, गोजरबाईचे गुडघे उसानं खाल्लेले. तीही लेकापाशी राहायला आली. एका चुलीवर तीन माणसं. बाईंना वाटलं, सुख ते हेच!

पण कसचं सुख...

पोरगं बोलायला उभं राहिलं की पुस्तक बोलायचं. मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा, मुद्दा तिसरा. मध्ये एखादा ग्रीक शब्द. आणि "पवित्रीकरणाची प्रक्रिया" आली की पुरुषांच्या बाजूला रामहरीदादा, मंडळीतले सगळ्यात जुने पंच, भिंतीला डोकं टेकून घोरू लागायचे. पहिल्याच रविवारी उपासनेचा शेवटचा आशीर्वाद झाला तरी कोणी उठेना. म्हातारी रंगुबाई पुढच्या चटईवरून म्हणाली, "झालं न्हवं पाळकसायबाचं? बाई, आता तुमी सांगा!"

आणि बाईंनी सांगितलं! उठल्या, पदर खोचला, दावीद आणि गल्याथाची अशी काही कुस्ती लावली की टाळ्या पडल्या. त्या आनंदात त्यांनी मागं वळून बघितलं... बर्णबा उपदेशाच्या कागदाची घडी घालत होता. घडीवर घडी, घडीवर घडी, कागद सुपारीएवढा झाला तरी त्याची बोटं थांबत नव्हती.

बाईंच्या काळजात काहीतरी चर्रकन कापलं गेलं. तरी पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. "बाई, आता तुमी सांगा!" नाही म्हणावं तर माणसं हटून बसत. मग एका दुपारी लिंबाखाली बर्णबा मोबाईलवर बोलताना ऐकू आला. पुण्यातल्या एका मोठ्या फेलोशिपमधला, म्हणजे नव्या धर्तीच्या चर्चमधला, मित्र होता पलीकडं. तो तिकडंच ये म्हणत होता; तिथं थंडगार हॉल होता, गिटार होती, ऑनलाइन मंडळी होती.

"विचार करतो रे," बर्णबा म्हणत होता. "इथं माझं ऐकतंय कोण? इथं आत्या आहे. मी आहेच कशाला?"

त्या एका वाक्यानं बाईंचं अंतःकरण विदीर्ण झालं! लेकराला पाळक आपण केलं, मंडळीत आपण बोलावलं, आणि त्याची जागा अडवून आपणच बसलो... टाळ्यांच्या हव्यासानं! दुष्काळी गावाची मंडळी, तरणी पोरं सगळी शहरात. हाही गेला तर पुन्हा कोण तरणा माणूस या चटईपुढं उभा राहणार?

राखेचा बुधवार आला, पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचा, म्हणजे ईस्टरपर्यंतचा, उपवासकाळ सुरू झाला. उपवासकाळात प्रत्येकानं आपल्या आवडीची एक गोष्ट सोडायची, आणि काय सोडलं ते कोणाला सांगायचं नाही, अशी वाडीची जुनी रीत. ते देव जाणे आणि सोडणारा जाणे. सांगितलं की उपास मोडला. रामहरीदादा दर वर्षी तंबाखू सोडायचे, पहिल्याच संध्याकाळी अभिमानानं पारावर सांगायचे, आणि उपास मोडलाच म्हणून दुसऱ्या दिवसापासून निवांत तंबाखू मळायचे. पण बाईंचं तसं नव्हतं. कपाळावर राख घेऊन त्या माघारी आल्या, सांदीत गुडघे टेकले आणि पुटपुटल्या, "प्रभो, माझ्यापाशी सोडण्याजोगं एकच हाय. माझी जीभ घे... आन् त्या लेकराला दे."

सकाळी गोजरबाईनं विचारलं, "वन्सं, च्या टाकू?" तर बाईंनी गळ्यावर बोट ठेवलं. तोंड न उघडता खोटं बोललेली ही पंचक्रोशीतली पहिलीच बाई असावी!

आणि उपास लागू पडू लागला! रंगुबाई म्हणाली, "बाई, तुमी सांगा," तर बाईंनी गळा दाखवला. माणसं चुळबुळली आणि हळहळत घरी गेली. पण गोष्टीवाचून किती दिवस काढणार? पुढच्या रविवारी उपदेशात शास्त्रातल्या विहिरीवरच्या बाईचा नुसता उल्लेख झाला, आणि रंगुबाईनंच विचारलं, "पाळकसायेब, त्या विहिरीवरल्या बाईचं पुढं काय झालं वो?" बर्णबा गडबडला, कागदात शोधू लागला, सापडेना, मग आठवेल तसं सांगितलं. ती चारच वाक्यं होती, पण त्या चार वाक्यांत रामहरीदादा घोरले नाहीत. आठवड्यानं दादांची गाय अडली तेव्हा त्यांचा निरोप बाईंना नाही आला... बर्णबाला आला. गोठ्यात शेणात उभं राहून त्यानं प्रार्थना केली, वासराचे पाय ओढायला हातही लावला. त्या दिवशी तो हसत घरी आला, आणि हे कोणाला सांगू नि कोणाला नको अशा व्याकूळ आनंदानं बाईंचा जीव गुदमरून गेला.

गुदमरणारच की! ज्या जिभेनं आयुष्यभर विश्रांती घेतली नाही, तिला कोंडून ठेवायचं म्हणजे पावसाळी ओढ्याला बुचानं बंद करायचं. शेवटी बाईंनी एक पळवाट काढली. उपास माणसांशी बोलण्याचा होता. शेळीचा त्यात उल्लेख नव्हता. मग रोज पहाटे धार काढताना त्या आपल्या काळ्या शेळीच्या कानाशी तोंड नेऊन तिला एक एक गोष्ट सांगू लागल्या. शेळीही समंजस, ऐकताना रवंथ थांबवायची.

तिथंच घात झाला! ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारानंतरची सोमवारची सकाळ. गोजरबाई भरडा घेऊन गोठ्याकडं आली, आणि दारातच खिळली. आत सत्यशीलाबाई योसेफाला त्याच्या भावांनी कसं खड्ड्यात टाकलं ते सांगत होत्या... खणखणीत आवाजात! भावांचा आवाज वेगळा, योसेफाचा वेगळा, उंटवाल्याचा तर खास नगरी!

भरड्याची पाटी धाडकन खाली पडली.

"वन्सं! शेळीसंगं बोलताय! आन् माज्या लेकासंगं बोलायला घसा बसला व्हय?"

बाई ताडकन उठल्या. हात गळ्याकडं गेला, अर्ध्यावर थांबला.

"आता गळा नका दावू! समजलं मला. लोकं त्येचं ऐकाय लागली, ते तुमाला बघवंना. आबोला धरलाय तुमी, आबोला!" गोजरबाईचा आवाज चिरत गेला. वर्षानुवर्षं दाबलेलं काहीतरी उसळून वर आलं. "मी फडात रगत आटीवलं, आन् माजं पोरगं तुमाला आई समजून वाडलं. मी कदी कायी बोलले? हंगाम संपवून आले की माज्याकडं न यिता तुमच्या पदराआड लपायचं... तवाबी बोलले न्हाई! म्हटलं, त्येंनी केलं, त्येंचा हक हाय. आन् आज त्येच्याच तोंडातला घास काडताय?"

आवाज ऐकून बर्णबा अंगणात आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "आत्या... खरंय हे? तुला बोलता येतं?"

बाईंनी मान खाली घातली.

"मग माझ्याशी का नाही?"

काय सांगावं? रीत होती, की सांगितलं तर उपास मोडला. पण रीतही एक वेळ बाजूला ठेवली असती! 'बाळा, तुझं कोणी ऐकत नव्हतं म्हणून मी माझं तोंड शिवलं,' असं त्या मानी लेकराला कोणत्या जिभेनं सांगायचं? एवढ्या कष्टानं सरळ झालेला त्याचा कणा आपल्याच एका वाक्यानं मोडायचा? त्यापेक्षा मत्सरी म्हणू दे, निष्ठुर म्हणू दे... बाईंनी पुढं होऊन त्याची बाही धरली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण शब्द एकही नाही.

बर्णबानं ती बाही हलकेच सोडवून घेतली. हिसडा दिला असता तर बरं झालं असतं!

"रागावली होतीस तर सरळ चार शिव्या द्यायच्या होत्यास, आत्या. घशाचं सोंग कशाला? मी रोज रात्री तुझ्या घशासाठी प्रार्थना करत होतो." त्यानं खिशातून मोबाईल काढला. "पुण्याला हो म्हणून कळवतो. उत्तम शुक्रवारची उपासना तेवढी घेतो आणि निघतो. तुझी मंडळी तुला."

आणि शेळी, काही न कळून, बाईंच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, उजाडला. चैत्राचं ऊन पत्र्यावर असं तापलं होतं की वर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता. तरी चर्च दाराबाहेरपर्यंत भरलं होतं. वाडी सोडून गेलेली लेकरंसुद्धा सणाला आली होती. दाराशी बर्णबाची बॅग. गोजरबाई बाईंपासून लांब, खांबाआड बसली होती. आणखी दोन दिवस... परवा पुनरुत्थानाचा सण, उपास सुटणार, शब्द मोकळे होणार. पण ज्याच्यासाठी सुटायचे तोच आज संध्याकाळी पुण्याच्या गाडीत! बाईंना समोरच्या भिंतीवरचा वधस्तंभ बघवेना, ती बॅगही बघवेना.

बर्णबा उभा राहिला. "आजच्या संदेशाचे तीन मुद्दे आहेत," असं म्हणून त्यानं कागद उघडला. मग थांबला. कागद मिटला आणि खिशात टाकला.

"पेत्राचं सांगतो," तो म्हणाला. "प्रभूचा सगळ्यांत जवळचा गडी. त्या रात्री प्रभूला धरून नेलं आणि पेत्र मागंमागं गेला. थंडी पडली होती. महायाजकाच्या वाड्यात गडीमाणसं जाळ करून बसलेली. कसा जाळ? माझी आई सांगायची... कारखान्याच्या तळावर पहाटे पाचट पेटवून बसतात, तसा. हात शेकायचे, पण पाठ गारच! तिथं येऊन पेत्र बसला. सगळ्यांत बसला आणि एकटा बसला."

रामहरीदादांचा मळता अंगठा तळहातावरच थांबला.

"एक मोलकरीण म्हणली, तूबी त्येच्याच संगतीचा न्हवं? पेत्र म्हणला, न्हाई बा, मी त्येला वळखत न्हाई. मग दुसरा म्हणला, आरं, तुझी बोलीच सांगती की तू तिकडचा हाईस! मानूस कापडं बदलंल, गाव बदलंल. बोली कुटं दडवणार?"

बर्णबाची स्वतःची बोली केव्हा पालटली, त्याला कळलंही नाही. पण सत्यशीलाबाईंना कळलं! पुस्तक गळून पडलं होतं आणि वाडीचं पोर बोलत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या कोणाची तरी गोष्ट ऐकत होत्या. प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचे ओठ बिनआवाज हलत होते; आवाज फुटेल म्हणून पदराचा बोळा दातांत धरला होता. केवढा तो आनंद, आणि केवढी ती वेदना! चर्चभर एकही नजर बाईंकडं वळली नव्हती. हेच तर मागितलं होतं... आणि मिळालं तेव्हा ते निघून चाललं होतं.

खांबाआड रंगुबाईनं गोजरबाईला कोपरानं ढोसलं. "बघ, बघ तिच्याकडं. आबोला धरलेली बाई आशी दिसती व्हय गं? मी आदुगर वळखलंय. हिनं आपलं त्वांड मिटलं तवा तुज्या लेकाचं उगाडलं. उपास हाय त्यो तिचा, येडे!"

गोजरबाईनं बघितलं. दातांत पदर, गालांवर पाणी, आणि लेकाकडं लागलेली ती नजर... आपली स्वतःची नजर अशीच असेल, असं तिच्या मनात आलं. दुखऱ्या गुडघ्यांनी चटईवरून सरकत सरकत ती नणंदेपाशी आली, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "वन्सं... चुकले वो मी!" ती कुजबुजली. बाईंनी नुसता तो हात आपल्या गालाला लावला.

पुढं उभ्या बर्णबानं ते पाहिलं. आईकडं पाहिलं, मग आत्याच्या हलणाऱ्या मुक्या ओठांकडं. तो बोलता बोलता अडखळला. चेहऱ्यावर काहीतरी उमगल्यासारखं लख्ख हललं... डोळे भरून आले. पण बॅग भरलेली होती, शब्द दिलेला होता, आणि तरण्या माणसाला आपला अभिमान उतरवायला फार वेळ लागतो.

"प्रभूनं आदीच सांगितलं व्हतं, कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. तसाच कोंबडा आरवला," तो घाईघाईनं म्हणाला. "पेत्र भाईर गेला आन् ढसाढसा रडला. गोष्ट संपली." त्यानं झग्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "आता मीबी निघतो. पुण्याची गाडी हाय. कोनी वाईट वाटून घिऊ नका... इथं माजं आसं कोनी न्हाई."

दोनच दिवस उरले होते. उपास तडीस जायला दोनच दिवस! बाईंनी दातांतला पदर काढला. उठून उभ्या राहिल्या, आणि पत्र्यावरची कबुतरं फडफडून उडावीत अशा आवाजात ओरडल्या:

"खोटं! धडधडीत खोटं बोलतुयास, बर्णबा! आन् गोष्ट आर्धी टाकून कुटं निघालास? पेत्र रडला, मग प्रभूनं काय त्येला हाकलून दिला? आपली मेंढरं, म्हंजी आपली मानसं, त्या पेत्राबिगर कुनाच्या हवाली केली? सांग की... मानसं बसल्यात न्हवं!"